मानद सचिव आणि इमारतीचा दर्शनी भाग

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थांनी समाजाला जे मनुष्यविशेष दिले, त्यांत मानद सचिव, म्हणजे विनावेतन आणि बहुधा विनाआभार काम पाहणारा सदस्य, हा अग्रगण्य मानावा लागेल. हा प्रकार प्रायः एखाद्या बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेला असतो. निवृत्तीने त्याची खुर्ची गेलेली असली तरी प्रत्येक कागदावर जावक क्रमांक घालण्याची सवय गेलेली नसते.

उपविधी, म्हणजे संस्थेने स्वीकारलेली अंतर्गत नियमावली, इमारतीच्या बाह्यस्वरूपात परस्पर फेरफार करू देत नाहीत. इतर सदस्यांना हे कलम ठाऊक नसते आणि सचिवाला त्यावाचून दुसरे काही दिसत नाही. त्यामुळे खिडकीबाहेर काढलेली लोखंडी जाळी, जिला व्यवहारात बॉक्स ग्रिल म्हणतात, कठड्यावरची तुळशीची कुंडी आणि गॅलरीत वाळत घातलेली सतरंजी यांच्या नोंदी घेत तो प्रभातफेरी मान वर करूनच पूर्ण करतो.

त्याच्या प्रज्ञेची खरी कसोटी आकाशकंदील पाहतो. जो नियमभंग सर्वांनी मिळून केला त्याला सण म्हणावे लागते, हे जाणून तो कंदील लावण्याविषयी मौन पाळतो आणि तुळशीच्या लग्नानंतर तो उतरवण्याविषयी परिपत्रक काढतो. परंतु हे लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही दिवशी लावता येत असल्याने प्रत्येक घरची तुळस पौर्णिमेलाच बोहल्यावर चढते, आणि पौर्णिमा उलटल्यावर तोच कंदील नाताळसाठी ठेवला असल्याचे सर्वधर्मसमभावाने सांगितले जाते.

अंमलबजावणीची वाट याहून लांब आहे. आदर्श उपविधींनुसार आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, मग सदस्याला बाजू मांडू द्यावी लागते, आणि दंड झालाच तर तो एका आर्थिक वर्षात 5000 रुपयांपलीकडे जाऊ शकत नाही. प्रकरण 30 सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सभेपुढे येते. ती सभा गणपूर्तीअभावी, म्हणजे आवश्यक उपस्थिती नसल्याने, अर्धा तास तहकूब होऊन पुन्हा भरते, गळती आणि पार्किंग या दोन विषयांत रात्र चढते, आणि ग्रिलचा प्रश्न 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात पोहोचेपर्यंत सभागृहात अध्यक्ष, सचिव आणि उरलेले वेफर्स एवढेच राहतात.

अशा पराभवांनंतरही हा सचिव निवडणुकीत बिनविरोध येतो. इतिवृत्त, म्हणजे सभेचा लेखी वृत्तान्त, पाहिल्यास त्याच्या नावाचा सूचक बॉक्स ग्रिलवाला आणि अनुमोदक कंदीलवाला असल्याचे आढळते. कारण सचिवाच्या नोटिसा सहज पचवता येतात, परंतु सचिवपद आपल्या गळ्यात पडले तर ते पचवणे कोणालाच शक्य नसते, हे त्या दोघांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?