लोखंडी बाईचं माहेर

लंडनला गेलेला मराठी माणूस किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघतो, टॉवर ब्रिजसमोर स्वेटर घालून फोटो काढतो. मला मात्र भाच्याने इलफर्डहून लोकलमध्ये कोंबलं आणि मेरीलँड या, कुणी मुद्दाम उतरत नसावं अशा स्टेशनावर उतरवलं.

"मामा, आज आयर्न मेडनचं जन्मस्थान."

फोनवर हे ऐकून बायको म्हणाली, "इस्त्रीवाल्याकडे जायला एवढ्या लांब?"

आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड आणि त्याचं जन्मस्थान म्हणजे 'कार्ट अँड हॉर्सेस' नावाचा पब. दारात भाच्याने क्षणभर डोळे मिटले. मी सवयीने चपला कुठे काढायच्या ते बघू लागलो. दानपेटी दिसली नाही, पण टी-शर्ट विकायला होते. म्हणजे देवस्थान जागृत!

मला हेवी मेटलमधलं ओ की ठो कळत नाही. पण भाचा इतिहास सांगू लागला आणि मी खुर्ची पुढे ओढली. ही गोष्ट मला पाठ होती. ती आमच्या कल्याणच्या हौशी नाट्यमंडळाची होती.

1975 च्या नाताळात स्टीव्ह हॅरिस नावाच्या पोराने हा बँड काढला. पुढच्या तीन-चार वर्षांत गायक बदलले, गिटारवाले बदलले, ड्रमवाले बदलले. हॅरिस तेवढा राहिला. प्रत्येक मंडळात असा एक असतो. तोच संहिता लिहितो, तोच पेट्या उचलतो आणि कुणी आलं नाही तरी तालीम घेतो. फिरायला एक थोराड जुनी गाडी, लाडाचं नाव 'ग्रीन गॉडेस'. सामान तिच्यात आणि झोपणंही तिच्यातच. आम्हीसुद्धा टेम्पोत नेपथ्याच्या पलंगावरच झोपायचो, पण पलंगाला नाव ठेवायचं सुचलं नाही.

रक्ताचा प्रसंग ऐकून तर मी गहिवरलो. त्यांच्या स्टेजमागे एक भीषण मुखवटा लटकवलेला असे. शेवटच्या गाण्याला मत्स्यपेटीच्या पंपाने त्याच्या तोंडातून खोटं रक्त वाहायचं आणि ते थेट खाली बसलेल्या ड्रमवाल्यावर! आमच्या खुनाच्या नाटकात कुंकवाचं पाणी इन्स्पेक्टरच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं होतं. इन्स्पेक्टर मी होतो. डाग अजून आहे.

1978 चे शेवटचे दोन दिवस त्यांनी केंब्रिजच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं. मूळ टेप विकत घ्यायला पैसे पुरले नाहीत. ते जमवून परत गेले तोवर स्टुडिओने टेप पुसून टाकली होती! हाती होती ती कच्चीच प्रत. ती घेऊन ते किंग्सबरीतल्या एका पबमध्ये नील के या डीजेकडे गेले. त्याच्याकडे पोरं पुठ्ठ्याच्या गिटारी घेऊन नाचायला येत. हे मला फार आवडलं. पुठ्ठ्याच्या तलवारींवर आमची अख्खी शिवशाही उभी होती. त्या पोरांनी कच्ची गाणी डोक्यावर घेतली. मग 1979 च्या नोव्हेंबरात बँडने स्वतःच तीन गाण्यांच्या पाच हजार तबकड्या काढल्या. नाव 'द साउंडहाउस टेप्स'. त्या टपालाने विकल्या, बघताबघता संपल्यासुद्धा. डिसेंबरात ईएमआय ही बडी कंपनी करार करून मोकळी झाली. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेच्या दोनशे प्रती अजून माझ्या माळ्यावर आहेत.

नंतर भाच्याने मला मॅनॉर पार्कला नेलं. तिथे 'रस्किन आर्म्स'मध्ये हे लोक नेमाने वाजवत. तो पब आता उरलेला नाही. त्या रस्त्यावर दक्षिणी खाणावळी मात्र आहेत. यात्रेत मला खरा साक्षात्कार तिथल्या मसाला डोशातच झाला.

डोसा खाताना भाचा एकदम हळवा झाला. 1 फेब्रुवारी 2008 ला आयर्न मेडनचा विश्वदौरा सुरू झाला तो आपल्या वांद्र्याच्या बीकेसीतून. गायक ब्रूस डिकिन्सन पट्टीचा वैमानिक. त्याने बोइंग 757 मधून बँड, माणसं आणि सामान असा सगळा बारदाना मुंबईत आणला. ग्रीन गॉडेसला पंख फुटले होते. आणि आमचा भाचा अकाउंट्सच्या क्लासला जातो सांगून मैदानात मान हलवत होता.

हे त्याच्या आईला अजून ठाऊक नाही. अंक तिच्या हाती पडणार नाही एवढं बघा.