प्रलयानंतरची यादी

जग बुडवणं लेखकाला फारसं जड जात नाही. शहरं, रेल्वे, पाखरं, सणवार, सगळं पानभरात आटोपतं. खरी पंचाईत पुढे असते, ती शिल्लक काय ठेवायचं याची. आणि इथे भल्याभल्या निष्ठुरांचा हात थबकतो. घर बदलताना शिसवी कपाटं बिनदिक्कत देऊन टाकणारा माणूस कान तुटलेल्या कपापाशी अडावा, तसा. कॉर्मॅक मॅकार्थीच्या २००६ सालच्या ‘द रोड’ या कादंबरीत सूर्यसुद्धा राखेआड गेलेला आहे, माणसं माणसांना खाताहेत; आणि एका मोडक्या यंत्राच्या पोटात बापाला कोका-कोलाचा एक डबा सापडतो. मुलाने ही चव जन्मात घेतलेली नाही. तो पितो, आणि बापालाही प्यायला लावतो. ज्या पेयावरून आमच्या घरी दात किडण्याची प्रवचनं होत, ते इथे तीर्थासारखं बेतानं घेतलं जातं. एवढा प्रलय घडवून वाचवलं काय, तर फसफसणारं साखरपाणी! हसू येतं, आणि मग बापापुढे डबा धरणारा तो पोरगा बराच वेळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपले पुराणकार याबाबतीत सढळ हाताचे. प्रलयाच्या पाण्यात भटकून थकलेल्या मार्कंडेयाला वडाच्या झाडावर निजलेलं बाळ दिसतं आणि त्या बाळाच्या पोटात अख्खं विश्व, नद्या-डोंगरांसकट, जसंच्या तसं. एवढी सोय आजच्या कादंबरीकाराला कुठली! त्याला उरलंसुरलं जग एखाद्या डब्यात नाहीतर चिठ्ठीतच बसवावं लागतं.

चिठ्ठीवरून वॉल्टर मिलर आठवतो. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकी विमानांवर होता. १९४४ साली इटलीतला माँते कासिनोचा मठ ज्या हल्ल्यात जमीनदोस्त झाला, त्यातही तो होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने वसवलेला मठ तो. १९५९ साली मिलरची ‘अ कँटिकल फॉर लायबोविट्झ’ ही कादंबरी आली. वरून मठ पाडणाऱ्या माणसाने खाली बसून कागदावर एक मठ उभा केला, असं मला ती वाचताना वाटत राहतं. अणुयुद्धानंतर सहाशे वर्षांनी ब्रदर फ्रान्सिस नावाच्या भाबड्या नवशिक्याला वाळवंटात एक जुनं तळघर सापडतं. तिथल्या पाटीवरचा ‘फॉलआउट’ हा शब्द वाचून, आत त्या नावाचा राक्षस राहत असणार, म्हणून तो गर्भगळीत होतो. आत निघतात ते त्याच्या पंथाच्या संस्थापकाचे, लायबोविट्झ नावाच्या इंजिनिअरचे कागद. एक विजेच्या यंत्रणेचा निळा आराखडा. आणि एक वाणसामानाची यादी: मसालेदार खारवलेलं मांस, आंबवलेल्या कोबीचा डबा, सहा बेगल.

माझ्या आजीच्या यादीच्या माथ्यावर ‘श्री’ असे, त्याखाली हळदकुंकू, मग तूरडाळ. सहाशे वर्षांनी ती कुणाच्या हाती लागली, तर पहिल्या दोन ओळींवरूनच तो बिचारा तिला स्तोत्र ठरवील. आणि ‘हिंग, वास घेऊन’ या चरणावर तर भाष्यकारांचे दोन तट पडतील.

फ्रान्सिस त्या आराखड्याची वेलबुट्टीदार, सोनेरी नक्कल काढण्यात पंधरा वर्षं घालवतो. आराखडा कशाचा, हे त्याला ठाऊक नाही. न्यू रोम नावाच्या शहराच्या वाटेवर त्याला लुटारू गाठतो आणि झगमगती नक्कल घेऊन जातो. विटका मूळ कागद फ्रान्सिसच्या झोळीतच राहतो. अज्ञानाने इतक्या निष्ठेने ज्ञानाची राखण केल्याची कथा मी दुसरी वाचलेली नाही. आराखड्याचा अर्थ लावणारे शतकानुशतकांनी येतात, वीजही पेटवतात, आणि मग माणसं पुन्हा जुन्याच खोड्यांवर जातात. मिलर काही भोळा आशावादी नव्हे.

यादीला मात्र अर्थ लावावा लागत नाही. ते सामान एमा नावाच्या कुणासाठी तरी घरी न्यायचं होतं, एवढं तिच्यात स्पष्ट आहे. लायबोविट्झला पुढे रीतसर संतपद मिळतं. त्यासाठी चौकश्या होतात, पुरावे तपासले जातात. माझं कुतूहल त्याहून किरकोळ आहे. त्या दिवशी सहाच्या सहा बेगल घरी पोचले, की एक संतांनी वाटेतच खाल्ला?