मुंग्यांनी वाचलेला फलक

इंदुरात कुणी आजारी पडलं की भेटायला येणारे कचोऱ्या घेऊन येतात आणि दुखणेकरी उठून बसला की घरचे जलेब्या वाटतात. ही रीत डॉक्टरांनाही मान्य आहे, कारण डॉक्टरही इथलेच. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी वरण-भातावरसुद्धा मूठभर शेव, संध्याकाळी छप्पन दुकान. रात्री सराफ्यातले सोनार कुलपं लावून घरी गेले की त्यांच्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, थंडी असेल तर गराडू आणि शेवटी तो जलेबा, जो एकट्याने संपवणाऱ्याकडे मोहल्ल्यात आदराने बघतात. अशा या गावातल्या शाळांनाही सीबीएसईचं मे २०२५ मधलं पत्र आलं: मुलं साखर फार खातात, तेव्हा शाळेत ‘शुगर बोर्ड’ लावा.

पत्र तसं नेटकं होतं. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांत साखरेचा वाटा १३ टक्के, अकरा ते अठरा वर्षांच्यांत १५ टक्के, आणि असायला हवा ५ टक्के. फलकावर काय लिहायचं तेही सांगितलं होतं: दिवसाला किती साखर चालते, कुठल्या पदार्थात किती असते, जास्त झाली तर काय होतं, त्याऐवजी काय खावं. शिवाय १५ जुलैपर्यंत फोटोंसह अहवाल पाठवा. आधीचं सगळं कळलं नाही तरी शाळेचं अडत नाही. ही शेवटची ओळ न कळणारी शाळा मात्र अजून निघायची आहे.

आमचा पुतण्या सातवीत आहे. त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला निरोप आला की उद्या प्रत्येक पाल्याने शुगर बोर्ड करून आणावा, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून, आणि मुलांना स्वतः करू द्यावा. वहिनींनी तो निरोप वाचला आणि ‘स्वतः करू द्यावा’ हे शब्द वाचून नेहमीप्रमाणे कात्री शोधायला उठल्या. दादा स्कूटर काढून पुठ्ठा आणायला गेला. फलकावर कोलाची बाटली, ज्यूसचं खोकं, क्रीमची बिस्किटं, चॉकलेट असं सगळं चिकटवायचं होतं. पण चिकटवायला हवी रिकामी बाटली आणि रिकामी वेष्टनं. ती रिकामी करण्याची जबाबदारी पुतण्याने एकट्याने उचलली आणि दहा वाजून वीस मिनिटांनी पार पाडली. एवढी साखर त्या पोराने एका बैठकीत आयुष्यात कधी खाल्ली नसेल. अभ्यास म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

मग प्रत्येक वेष्टनाखाली प्लॅस्टिकची पुडी. तीनशे मिलीलीटर कोलात साधारण ३२ ग्रॅम साखर, म्हणजे आठ चमचे. वहिनींनी डब्यातून आठ चमचे मोजून पुडीत भरले आणि पुडी हातात धरून जरा वेळ तशाच बसल्या. ‘अहो, एवढी?’ म्हणाल्या. त्या रात्री त्या घरात आरोग्यशिक्षण झालं ते एवढंच आणि एकाच व्यक्तीचं. ती व्यक्ती सातवीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मधल्या व्हरांड्यात तीस-पस्तीस फलक ओळीने उभे राहिले. फोटो निघाले. मुख्याध्यापिका मधोमध, मुलं गुडघ्यावर बसलेली, सगळ्यांचा अंगठा वर. उत्कृष्ट फलकाला बक्षीस मिळालं. कसलं, ते विचारू नका. वेष्टन सोनेरी होतं. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. आधी कोलाखालची पुडी फोडली, मग ज्यूसची, मग बिस्किटांची. म्हणजे कुठे किती साखर आहे हे फलकावरून ज्यांना अचूक उमगलं असे वाचक त्या व्हरांड्यात शेवटी मुंग्याच. शिपायाने फिनाइल मारलं, फलक भंगाराच्या खोलीत गेले. अहवाल मुदतीच्या आत पोचला होता.

साखरेचं हे होतं न होतं तोच जुलैत तेलाची पाळी आली, ‘ऑइल बोर्ड’. त्याआधी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तेल १० टक्के कमी करा म्हणून सांगितलंच होतं. आमच्याकडे त्याची अंमलबजावणी त्याच दिवशी झाली. दर महिन्याच्या तेलातलं १० टक्के आई वेगळ्या बरणीत काढून ठेवते. दिवाळीत चकल्या त्यातच तळल्या.

आणि मग ते मधले दोन दिवस! जुलैच्या मध्यावर बातमी फुटली की समोसा आणि जलेबीवर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा छापणार. इंदुरातल्या चौकाचौकांत तेव्हा जी शांतता पसरली ती मी निवडणुकीच्या निकालालाही पाहिलेली नाही. ‘भिया, जलेबीवर छापणार कुठं?’ हा प्रश्न एका पोहेवाल्याने विचारला आणि तो खरोखर बिनतोड होता. पाकाने ओथंबलेल्या वेटोळ्यावर कुठली शाई टिकणार? सरकारने लगेच खुलासा केला की असं काही नाही, इशारा पदार्थांवर छापायचा नसून कार्यालयांत फलक लावायचे आहेत, भारतीय खाद्यपदार्थांवर कुणाचाही रोख नाही. त्या खुलाशाचं स्वागत गावाने कशाने केलं हे सांगायला नकोच.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. इंदूरला सवय बदलता येत नाही असं कुणी म्हणूच शकत नाही. २०१७ पासून स्वच्छतेत आमचा पहिला नंबर हलवायला देशाला जमलेलं नाही. ज्या गावात पानाची पिंक ही भिंतीची नैसर्गिक अवस्था मानली जायची, त्या गावातलं शेंबडं पोरही आज ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक अशी सहा नावं घडाघडा म्हणतं. लग्नाला आलेल्या पुण्याच्या मामांनी गाडीतून केळ्याचं साल टाकलं तेव्हा याच पुतण्याने गाडी थांबवून त्यांना खाली उतरवलं होतं. मामा अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत.

मग हाच वीर साखरेपुढे का नांगी टाकतो? सोपं आहे. कचऱ्याच्या वेळी पोरांना कामाला लावण्याआधी मोठ्यांनी आपलं काम केलं होतं. महापालिकेने रस्त्यावरच्या कचरापेट्या उचलून नेल्या. गाडी रोज सकाळी गाणं वाजवत दारात येऊ लागली, न चुकता. जो ऐकेना त्याच्या हातात दंडाची पावती पडली. रस्ता आधी बदलला, सवय मागून आली आणि पोरं आली ती सर्वांत शेवटी, टाळ्या वाजवायला आणि मामांना उतरवायला. साखरेच्या बाबतीत ही मिरवणूक उलटी निघाली आहे. पुढे पोरगं, हातात फलक, आणि मागे सगळं गाव जलेबी खात.

गाव खातं, पण स्वच्छ खातं, हे कबूल करायला हवं. छप्पन दुकानला सरकारचा स्वच्छ खाऊगल्लीचा शिक्का आहे. २०२२ मध्ये ‘ईट राइट चॅलेंज’मध्ये इंदूर देशात पहिलं आलं. म्हणजे टोपी घातलेल्या, हातमोजे चढवलेल्या माणसाने, चकचकीत स्टीलच्या ओट्यावर, ताज्या तेलात तळलेली कचोरी. जंतूंच्या दृष्टीने तिच्यात काही खोट काढता येणार नाही. उरलंसुरलं वाया जात नाही तेही खरं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इथे रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजीचा कारखाना सुरू झाला आणि त्या वायूवर गावातल्या बस धावतात. तेव्हा इंदुरातलं उष्टं अन्न रोज कित्येक किलोमीटर पळतं. ते अन्न खाल्लेला मुलगा शाळेच्या व्हॅनसाठी फाटकापर्यंत चालायचा कंटाळा करतो, हा ऊर्जेच्या विनियोगातला एक किरकोळ दोष.

घरातली परिस्थिती फार वेगळी नाही. फलक झाल्यावर चार दिवस पुतण्याच्या अंगात आलं होतं. शिऱ्याची वाटी पुढे येताच त्याने विचारलं, ‘आजी, यात किती चमचे साखर आहे?’

आई म्हणाली, ‘मोजून घालतात ती पाहुण्यांना. नातवाला कोण मोजून घालतं?’

या उत्तरापुढे जागतिक आरोग्य संघटनासुद्धा वाटी पुढे करील. दादाने आईची बाजू घेतली, कारण त्यालाही शिरा हवा होता. पुतण्याने वाटी संपवली आणि दुसरी मागितली. वर ‘हेल्थ ड्रिंक’ घातलेलं दूध होतंच. सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानदारांना सांगितलं की असल्या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, कायद्यात असा काही प्रकारच नाही. दुकानांनी नाव काढलं, आमच्या डब्यावरची चिठ्ठी तशीच आहे. वहिनींनी ती फार वळणदार अक्षरात लिहिली आहे.

मोठ्या मुलांचं तर आणखी कौतुक. सरकारी शाळांसाठी फेब्रुवारी २०२० मध्ये एक चांगला कार्यक्रम निघाला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’, आठवड्याला एक तास, अकरा विषय: पोषण, मनाचं स्वास्थ्य, वयात येणं, व्यसनं, इंटरनेट. माझ्या ओळखीच्या एक बाई अशा दूत आहेत. त्यांना विचारलं, कसं चाललंय? म्हणाल्या, ‘तास असतो हो. पण आत्ता मतदार याद्यांचं काम आहे, त्याआधी सर्वेक्षण होतं, त्याआधी दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला होता म्हणून तो तास गणिताला दिला.’ मनाच्या स्वास्थ्याचा तास गणिताला देणं यात जी एक कविता आहे ती त्यांच्या लक्षात आली नाही.

वयात येण्याबद्दल तर आम्ही मराठी आणि माळवी माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहोत. २००७ मध्ये केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला तेव्हा मध्य प्रदेशाने आणि महाराष्ट्राने, दोघांनीही, हे असलं आमच्या शाळांत नको म्हणून सांगितलं. संस्कृती वाचली. तेव्हापासून आजतागायत दहावीच्या विज्ञानातला पुनरुत्पादनाचा धडा आला की बाई ‘हा घरी वाचा’ म्हणतात आणि घरी मोठी माणसं ‘शाळेत शिकवतील’ म्हणतात. मधल्या जागेत मोबाइल आहे. तो कुणालाच नाही म्हणत नाही आणि त्याला लाजही नाही. त्यानेच भंवरकुआँच्या कोचिंगातल्या सोळा वर्षांच्या मुलांना कुठली प्रोटीन पावडर घ्यायची हेही सांगून टाकलं आहे. अशा एका मुलाला मी विचारलं, झोपतोस किती? तो म्हणाला, ‘काका, सिलेक्शन झाल्यावर.’

राहिलं खेळणं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज निदान ६० मिनिटं अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि जगातल्या अकरा ते सतरा वयाच्या पाचांपैकी चार मुलांना ते जमत नाही. इंदूर याला अपवाद असायला हवं होतं. होळकरांच्या संघाने रणजी करंडक चार वेळा आणला, सी. के. नायडूंनी इथे षटकार मारले. त्या संघाच्या तंबूत शुगर बोर्ड होता असा पुरावा सापडत नाही. ११ जानेवारी १९७३ रोजी इथल्याच एका मराठी घरात राहुल द्रविड जन्मला. वडील जॅमच्या कंपनीत, म्हणून सोबती त्याला ‘जॅमी’ म्हणू लागले. आज तीच जॅमची बाटली फलकावर आरोपींच्या रांगेत आहे. पण जॅमी दिवसभर क्रीज सोडत नव्हता, हा मुद्दा फलकावर मावला नाही.

आमच्या कॉलनीच्या बागेतही एक फलक आहे. ‘येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ तेव्हा आमच्या भागातल्या मुलांच्या आरोग्याची एकूण व्यवस्था दोन फलकांत बसते: शाळेतला सांगतो खाऊ नका आणि बागेतला सांगतो खेळू नका. बागेतला पत्र्याचा आहे, त्यामुळे त्याला मुंग्या लागत नाहीत. बागेत खेळायचं नाही म्हणून पुतण्या शनिवार-रविवार बॅडमिंटनच्या कोचिंगला जातो. फी भरून, गाडीने, सव्वा किलोमीटर. परतताना दमलेला असतो म्हणून छप्पनवर थांबतात.

अर्थात कायदाही आहे, अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकता येत नाहीत. महाराष्ट्राने तर २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून नूडल्स, पिझ्झा आणि पाणीपुरीसुद्धा हाकलली होती. आमच्या गल्लीतल्या शाळेसमोर एक समोसेवाला वर्षानुवर्षं उभा असतो. कुणीतरी तक्रार केली. दोन माणसं टेप घेऊन आली, फाटकापासून मोजत मोजत गेली, पन्नासाव्या मीटरवर खडूने रेघ मारली. समोसेवाल्याने हातगाडी रेघेच्या पलीकडे नेली आणि त्यांनाही एकेक प्लेट दिली. धंदा तेवढाच आहे. मुलांना मात्र शाळा सुटल्यावर व्हॅन निघायच्या आत तिथे जाऊन परत यायचं असतं, म्हणून ती जाताना पन्नास आणि येताना पन्नास मीटर जीव खाऊन धावतात, येताना हातातला समोसा न सांडता. शाळेने याही वर्षीच्या अहवालात ‘शारीरिक उपक्रम’ हा रकाना भरलेला आहे.