परक्या दारची मिसळ

कोल्हापुरात उतरलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासून झाले की विचारतो, "इथली सगळ्यात चांगली मिसळ कुठली हो?" त्याला वाटतं, आपण साधी चौकशी केली. भरल्या घरात आपण भांडण लावलंय, हे त्याच्या गावीही नसतं. काका म्हणतात फडतरे. चुलतभाऊ म्हणतो चोरगे. कसबा बावड्यात दिलेली आत्या बावडा मिसळीशिवाय दुसरं नावच निघू देत नाही. माहेरी आली तरी तिची निष्ठा सासरीच असते. आणि ज्याला कुणीही विचारलेलं नाही असा शेजारचा माणूस खिडकीतून चौथंच नाव फेकून आत जातो. हे साडेनऊपर्यंत चालतं. तोवर पाहुणा मुकाट्यानं पोहे खाऊन मोकळा झालेला असतो.

या भांडणाचा चवीशी संबंध फार थोडा. मिसळीचं दुकान आमच्याकडं निवडायचं नसतं, ते आडनावासारखं येतं. शिवाजी पेठेत जन्मलेला माणूस शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला पाटाकडील तालमीच्या नावानं ओरडताना कुणी पाहिलाय का? तसंच हे. बापाचं दुकान ते पोराचं दुकान.

आमच्याही घराला असं एक दुकान होतं. नाव सांगत नाही, कारण खरं बोलायचं तर ती मिसळ वाईट होती. मटकी दाताखाली कटकट वाजायची. फरसाण कधीचं आहे हे मालकालाही सांगता आलं नसतं. ब्रेडच्या स्लाइस अशा, की वरची खालचीला चिकटलेली आणि दोन्ही मिळून बशीला. आणि कट मागितला की मालक आपल्याकडं असा बघायचा, जणू आपण त्याच्या शेतात वाटणी मागितली.

कट म्हणजे काय, हे बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. वर तांबडं तेल तरंगतंय, खाली कांदा-लसूण चटणीचा रस्सा आहे, असा जो द्रव मिसळीवर ओततात तो आमचा कट. पुण्यात त्यालाच 'सॅम्पल' म्हणतात. सॅम्पल! जसं काही प्रयोगशाळेत पाठवायचंय. नागपूरकर तर्री म्हणतात, ते निदान कानाला तिखट लागतं. चांगल्या दुकानात पोऱ्या बादली आणि वगराळं घेऊन टेबलाटेबलातून फिरत असतो आणि न विचारता ओततो. आमच्या दुकानात बादली मालकाच्या पायाशी असायची, आणि त्याचा एक पाय कायम तिच्यावर.

पण आण्णा, म्हणजे माझे वडील, दर गुरुवारी सकाळी तिथंच जायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, "आण्णा, मटकी कच्ची असतीया." ते म्हणाले, "मालक आजारी हाय." मालक मला आठवतंय तेव्हापासून आजारी होता. त्याच दुकानात म्हणे आजोबांना उधारीवर चहा मिळत होता, तेही गावात दुसरं कुणी उधार देत नव्हतं तेव्हा. त्या चहाच्या उपकाराखाली आमच्या तीन पिढ्या कच्ची मटकी चावत होत्या.

कॉलेजात गेल्यावर मी बिघडलो. मित्राच्या सायकलवर डबलसीट बसून दुसऱ्या पेठेत गेलो आणि परक्या दारची मिसळ खाल्ली. ते दुकान कुठलं, हेही सांगणार नाही. पण मटकी शिजलेली होती! बटाट्याची भाजी, चिवडा, शेव, वर बारीक कांदा, कोथिंबीर, आणि त्यावर कट असा पडला की शेव एकदा चर्र करून गप्प झाली. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला नाक वाहायला लागलं, तिसऱ्याला डोक्यातून घाम. मित्र म्हणाला, "जाळ अन् धूर संगटच." मला तर बोलताच येत नव्हतं. मी फक्त बादलीवाल्याला हातानं खुणावलं, अजून.

घरी आलो तर पांढऱ्या शर्टाच्या खिशावर तांबडा ठिपका. बहिणीनं तो अर्ध्या मिनिटात हेरला. "मी सांगतो आण्णांना!" (आमच्याकडच्या मुली 'सांगते' म्हणत नाहीत, 'सांगतो' म्हणतात. त्यामुळं धमकीला वजन येतं.) तिचं तोंड बंद ठेवायला मला पुढं वर्षभर दर महिन्याला राजाभाऊंच्या भेळेचा हप्ता भरावा लागला.

हप्ता महाग पडला तरी जागा झकास होती. एका अंगाला खासबागचं कुस्तीचं मैदान, त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, दोन्ही शाहू महाराजांच्या काळातली. पहिलवान, नट आणि भेळ एवढ्याशा जागेत कोल्हापूरनं बसवून ठेवलंय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री ते नाट्यगृह जळालं. बातमी ऐकली तेव्हा मला आधी रंगमंच आठवायला हवा होता. आठवली ती मध्यंतरात घाईघाईनं खाल्लेली भेळ आणि तिसरी घंटा झाली म्हणून कागदासकट खिशात कोंबलेला उरलेला अर्धा घास.

तर आण्णा. गुरुवारी मिसळ, तसं रविवारी दूध. बाकीचे सहा दिवस दूध घरी यायचं, पण रविवारी आण्णा स्वतः स्टीलची किटली घेऊन गंगावेशला जायचे. गंगावेशचा दूध कट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. गवळी आपल्या म्हशी घेऊन रस्त्याकडेला उभे असतात. तुम्ही जायचं, पेला मागायचा. गवळी म्हशीखाली बसतो, चर्र चर्र करून धार काढतो, आणि वर बोटभर फेस आलेला पेला तुमच्या हातात देतो. मधे कुणी नाही. तालमीतून आलेले पहिलवान एका दमात पेला रिकामा करून मिशीवरचा फेस मनगटानं पुसतात. मिशी नसलेल्यांनाही तेवढ्यापुरती मिशी येते.

पुढं लग्न झाल्यावर पुण्याच्या मेव्हण्यांना मी तिथं नेलं होतं. दूध पिशवीतून येतं आणि पिशवी दारातल्या कापडी पिशवीत येते, यापलीकडं त्यांनी त्या विषयात लक्ष घातलेलं नव्हतं. ते म्हशीच्या डोळ्यांत बघत उभे राहिले, म्हैस त्यांच्या.

"हे तापवलेलं नसणार," ते हळूच म्हणाले.

गवळ्याचे कान तिखट. "गरमच हाय की सायेब. हात लावून बघा."

"म्हणजे, पाश्चराइज्ड?"

"न्हाई. मुऱ्हा हाय."

मेव्हण्यांनी डोळे मिटून पेला तोंडाला लावला. उघडले तेव्हा पेला रिकामा होता. मग मला न विचारता त्यांनी दुसरा मागितला, आणि परतीच्या वाटेवर रिक्षात म्हणाले, "यात साखर घालतात का हो?" मी म्हटलं, घालतात, आतूनच.

हां, तर रविवारच्या दुधाचं काहीतरी बिनसलेलं असायचं. आण्णा सात वाजता किटली घेऊन जायचे आणि नऊ वाजता परत यायचे. आमच्या घरापासून गंगावेश रमतगमत चाललं तरी वीस मिनिटं. उशीर का, तर गर्दी. आणि त्या दुधाचा चहा घशाला किंचित लागायचा. आईच्या लक्षात आलं. ती म्हणायची, "दुधाला कांद्याचा वास मारतोय." आण्णा म्हणायचे, "म्हशीनं कायतरी खाल्लं असंल." चार-पाच रविवार असे गेल्यावर आई स्वतः गंगावेशला गेली आणि तिनं गवळ्याला जाब विचारला. गवळी भडकला. "वैनी, म्हशीला काय मी चटणी चारतोय व्हय?" दोघांचं असं जुंपलं की तिथले पहिलवान मधे पडले. आई वर्षभर त्या गवळ्याशी बोलली नाही. पण आण्णांनी गवळी बदलला नाही, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

आता कुणी म्हणेल, कोल्हापूरवर लिहिताय आणि मटण कुठाय? मटणावर मी लिहीत नाही. मटण हा इथं खाण्याचा विषय नाही, सार्वजनिक विषय आहे. २०१९ च्या अखेरीला मटणाचा दर चढला तेव्हा या गावानं कृती समिती काढली, बैठका घेतल्या, दुकानं बंद पडली. टोल घालवलेलं गाव आहे, त्यानं मटणाच्या काट्यासमोर नमतं कसं घ्यावं? एवढंच सांगतो की बाहेरच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून जे लाल काहीतरी मिळतं, त्याच्याशी आमची ओळख नाही. आणि खरी परीक्षा तांबड्या रश्श्याची नसते, तिखट कुणालाही करता येतं. परीक्षा पांढऱ्याची. मटणाचं आळणी, नारळाचं दूध, तीळ-खसखस; फुटला की संपला. जेवायला बसल्यावर तुकडे मोजून येतात, पण रस्सा हवा तेवढा, आणि वाढपी दोन्ही बादल्या घेऊन डोक्यावर उभा असतो. तुम्ही वाटीवर हात धरलात तर तो बोटांच्या फटीतून ओततो.

बारचंही थोडक्यात आटपतो, कारण घरचे वाचणार आहेत. परमिट रूम या शब्दावर माझा जीव आहे. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे आणि त्याप्रमाणं पिणाऱ्याकडं परवाना लागतो. म्हणजे कागदोपत्री आपल्या राज्यात दारूबंदीच आहे, फक्त तिला सवलत भरपूर. मी ज्या परमिट रूममध्ये पहिल्यांदा बसलो (आमच्यात 'बसणं' या क्रियापदाला दुसरा अर्थच उरलेला नाही), तिथं माझ्याकडं कुणी परवाना मागितला नाही. वेटरनं एवढंच विचारलं, "कुणाचा तू?" मी आण्णांचं नाव सांगितलं. तो गेला आणि शेंगदाण्याची बशी आणि लिंबूसरबत घेऊन आला.

जिलेबीचं मात्र सांगितलंच पाहिजे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला अख्खं कोल्हापूर जिलेबी खातं. का, ते कुणी विचारत नाही. शाळेत झेंडा झाला की आण्णा मला थेट माळकर तिकटीला न्यायचे. जिथं मिठाईवाल्याच्या नावानं चौक ओळखला जातो, त्या गावाची घडण वेगळी सांगायला नको. तिथं गर्दी अशी, की झेंड्यासमोर सावधान उभी न राहिलेली माणसंसुद्धा जिलेबीसमोर ओळीत. बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की इंग्रज जिलेबी खाऊ देत नव्हते, म्हणून त्यांना घालवलं.

राहिला तो एक रविवार. मी थर्ड इयरला होतो. परक्या दुकानात मी आता सरावलो होतो. भिंतीकडं तोंड करून बसायचं, शर्ट गडद रंगाचा घालायचा. त्या दिवशी कट घेण्यासाठी मान वळवली आणि बादलीवाल्याच्या मागं, पार्सलच्या रांगेत, टोपी कपाळावर ओढलेले आण्णा दिसले. हातात स्टीलची किटली.

आमची नजरानजर झाली. त्यांनी माझ्या पुढ्यातल्या बशीकडं बघितलं, मी त्यांच्या हातातल्या किटलीकडं. तेवढ्यात त्यांचा नंबर आला. किटली भरली, झाकण दाबून बसवलं, पैसे दिले आणि ते निघून गेले. एक शब्द नाही. आत मात्र बसले नाहीत. परक्या दुकानात बसायचं नाही, एवढं पथ्य त्यांनी पाळलं होतं. नंतर त्यांच्या दोस्तांकडून कळलं की तो कट आधी तालमीच्या कट्ट्यावर जायचा, तिथं चौघं-पाचजण ब्रेड बुडवून तो संपवायचे, मग नळाखाली किटली खळखळून धुऊन गंगावेश. धुणं पुरुषांचं, त्यामुळं वास राहायचा.

घरी गेलो तेव्हा चहा झाला होता. आईनं घोट घेतला, नाक मुरडलं आणि गवळ्याचा उद्धार केला. आण्णांनी पेपर वर धरला. मी बशीत चहा ओतला.

पुढच्या शनिवारी आण्णांनी नवीन किटली आणली. आई म्हणाली, "एक हाय की घरात. दुसरी कशाला?"

"उद्यापास्नं पोरगं पण येतंय म्हटलं दुधाला," आण्णा म्हणाले.