कॉश्च्युम कंपल्सरी

उपनगरातल्या माणसाला समुद्र फार आवडतो. फक्त अंगाला पाणी लागता कामा नये. रविवारी संध्याकाळी जुहूला जा आणि त्या गर्दीत पोहणारा माणूस शोधून दाखवा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात चपला, दुसऱ्या हातात भेळ, आणि लाट आली की 'आई गं' करत चार पावलं मागे. झालं समुद्रस्नान. मग गोळा.

इंग्लंडात लोक म्हणे थंडगार उघड्या समुद्रात हौसेनं उड्या मारतात. ब्रायटनसारखं गाव तर अठराव्या शतकात समुद्रस्नानावरच नावारूपाला आलं. डॉक्टर रोग्यांना औषध म्हणून समुद्र लिहून देत. आपल्या डॉक्टरांना जुहूचं पाणी दाखवलं, तर ते आधी पाण्याचीच तपासणी लिहून देतील. अंघोळीच्या समुद्रासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मर्यादा ठरवलेली आहे: 100 मिलिलिटर पाण्यात मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू 100. ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या आपल्या तीन नद्या खाडीच्या वाटेनं समुद्राला रोज जो नैवेद्य पोचवतात, तो पाहिलेल्या माणसाला ही मर्यादा वाचून हसू येतं. तेव्हा हातात भेळ घेतलेल्या त्या काकांचं मागे सरणं भित्रेपणाचं नाही, शहाणपणाचं आहे.

पण पिकनिक तर झालीच पाहिजे. म्हणून गोराई-मनोरी. बोरिवलीहून नाहीतर मार्व्याहून बोटीनं खाडी ओलांडायची, रिक्षा करायची, थेट समुद्राच्या अंगणात जायचं आणि समुद्राकडे पाठ करून रिसॉर्टच्या तलावात उतरायचं. दारातच पाटी: नायलॉन कॉश्च्युम कंपल्सरी. नसेल तर भाड्यानं मिळतो. आपल्याआधी तो कोणकोणत्या गृहस्थांनी घातला याचा विचार करायचा नाही. पॅकेजमध्ये नाश्ता, जेवण, चहा-भजी, रेन डान्स. समुद्र पॅकेजमध्ये नसतो. तो पार्किंगच्या पलीकडे, फुकट आणि म्हणून दुर्लक्षित.

या विचारसरणीचं मोठं स्मारक गोराईतच आहे. 1998 साली तिथे वॉटर किंगडम सुरू झालं आणि खऱ्या लाटांच्या शेजारी यंत्रानं लाटा काढणारा तलाव आला. लोक बोटीत बसून खरं पाणी ओलांडून जातात आणि तिकीट काढून खोट्या लाटेत उड्या मारतात. मी याला हसत नाही. ती लाट घड्याळ लावून येते आणि तिच्यातून प्लास्टिकची पिशवी येत नाही.

दरम्यान, ज्या गावाला समुद्रच नाही त्या पुण्याच्या रोहन मोरेनं 2018 साली जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पुऱ्या केल्या, आणि असं करणारा तो पहिला आशियाई ठरला. पुणेकरांनी हे आपल्याला अजून फारसं ऐकवलेलं नाही, हे आश्चर्यच.

मुलुंड-घाटकोपरकरांचं दुखणं निराळं. त्यांच्या वाट्याला ठाण्याची खाडी आली: तिवरं, चिखल आणि फ्लेमिंगो. ते पाहुणेही पोहत नाहीत. गुडघाभर पाण्यात घोळक्यानं उभे राहून खात असतात. मुंबईकर झाले म्हणायचे.

अक्सा किनाऱ्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याची नाही. तिथे बुडालेल्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात आणि आपण त्या पान उलटून संपवतो. पुनवेला नाहीतर अवसेला भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते, आणि पुढचे सहा तास पाणी बाहेर ओढत असतं. मढच्या कोळ्याच्या पोरालाही हे पाठ असतं. आपण नेमके जेवून, सुस्तावून, तीन वाजता आत शिरतो. पायाखालची वाळू सरकते तेव्हा सोसायटीच्या तलावात शिकलेलं पोहणं कामाला येत नाही.

पालिकेनं तिथे जीवरक्षक नेमले आहेत, धोक्याची पाटीही लावली आहे. तिनं आता एवढंच करावं: जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई अशा सगळ्या किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या वेळा आणि कोलिफॉर्मचा ताजा आकडा मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहावा. कोणी वाचणार नाही, पण नदीत काय सोडतो याची थोडी लाज पालिकेलाच वाटेल.

आणि वाचकहो, जीवरक्षकानं शिट्टी मारून 'ओ काका, बाहेर या!' असं ओरडून सांगितलं, तर कोण काका म्हणून मागे वळून पाहत बसू नका. ते काका तुम्हीच.