७५ ओहमचे गृहस्थ

आईसाठी फ्री डिश बसवायची आहे, एवढंच मी जिन्यात बोललो होतो. महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की काम झालं, आईला सह्याद्री दिसली की बास. पण आमच्या जिन्यात बोललेलं पहिल्या मजल्यावरच्या काकांना ऐकू जातं. दार उघडलं.

"केबल कुठली घेतोयस?"

"मिळेल ती."

वरणावर कुठलं तूप वाढू असं विचारल्यावर पाहुण्याने डालडा मागावा, तसे काकांनी डोळे मिटले.

प्रत्येक सोसायटीत असा एकेक जण असतो. कुणी पाण्याच्या टाकीतला जाणकार, कुणी पार्किंगच्या रेषांचा. आमच्या वाट्याला केबलचा आला. काकांना यंदा ७५ वर्षं पूर्ण झाली आणि त्याचा त्यांना खरोखरीचा आनंद झाला, कारण टीव्हीची केबल ७५ ओहमची असते. वाढदिवसाला मुलं जमली, केक आला, आणि काकांनी मेणबत्तीवरचा आकडा पाहून 'आता मॅच झालं' असं म्हटल्याचं काकू सांगतात. केबल ७५, कनेक्टर ७५, बॉक्स ७५. मधे कुठे माप बदललं की सिग्नलचा काही भाग आल्या वाटेने मागे फिरतो. काकांच्या भाषेत, पाहुणा उंबऱ्यावरून परत जातो.

शनिवारी ते मला पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, घेऊन गेले. तुम्ही कधी भाजी घेणाऱ्या सुगरणीला भेंडीचं टोक मोडून बघताना पाहिलं असेल, तर काकांची खरेदी डोळ्यांपुढे येईल. खिशातून आधी व्हर्निअर निघालं. वरचं आवरण ६.९ मिलिमीटर, मधली तार १ मिलिमीटर: म्हणजे आर-जी ६, ठीक. मग भिंग निघालं आणि काका जाळीचे धागे मोजायला लागले. केबलमधे पांढऱ्या फोमभोवती पन्नी आणि पन्नीवर बारीक तारांची जाळी असते. स्वस्त केबलमधे ही जाळी जुन्या मच्छरदाणीसारखी विरळ. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, हे चाललं होतं तोवर त्याने दोन बल्ब आणि एक मिक्सरचं भांडं विकलं. शेवटी काकांनी लोहचुंबक काढला. मधली तार टुणकन चिकटली.

"लोखंड!"

"पोलादावर तांब्याचा मुलामा असतो काका," दुकानातला पोरगा म्हणाला. "सगळे हीच नेतात. सिग्नल वरच्या सालीतूनच जातो."

पोरगा बरोबर होता. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पृष्ठभागावरूनच धावतो, आत काय आहे याची त्याला पर्वा नसते. पण काकाही चूक नव्हते. याच केबलमधून चित्र खाली येतं आणि छत्रीवरच्या एलएनबीचं, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीचं, जेवण वर जातं, १३ किंवा १८ व्होल्ट. ते डीसी असल्याने तारेच्या सगळ्या अंगातून जातं आणि पोलादात वाटेत सांडतं. लांब केबलला एलएनबी उपाशी राहतो. आमची केबल होती बावीस मीटर, म्हणजे उपास घडण्याचा प्रश्नच नव्हता. हे मी बोललो नाही. निखळ तांब्याची केबल घेतली. काका म्हणाले सुटी कापून घ्यायची नाही, कापून देणारा ताणून मोजतो आणि ताणली की आतला फोम बिघडतो. म्हणून शंभर मीटरचं अख्खं बंडल घेतलं.

पोराने मात्र जाता जाता एक विचारलं. "काका, एलएनबीच सिग्नल पन्नास-पंचावन्न डेसिबल वाढवून खाली सोडतो. बावीस मीटरमधे दोन-तीन इकडेतिकडे गेले तर काय बिघडलं?"

"म्हणजे बापाने कमावून ठेवलंय म्हणून पोराने उधळायचं?" काका म्हणाले.

यावर तपकीर गल्लीत कुणापाशीच उत्तर नव्हतं.

छत्री बसवायला रविवारी एक मुलगा आला. २००४ च्या डिसेंबरात, फ्री डिशचं डीडी डायरेक्ट प्लस हे नाव होतं तेव्हापासून काकांची स्वतःची छत्री गच्चीवर आहे, त्यामुळे गच्ची ते आपलीच समजतात. होकायंत्र घेऊन ते आग्नेयेला तोंड करून उभे होते. मुलाने होकायंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या छत्र्यांची तोंडं पाहिली, आमची तशीच वळवली, आणि मग केबलचं टोक तोंडात धरून दातांनी सोललं.

काका खाली बसले. टाकीच्या कठड्यावर.

त्याने पिळून बसवायचा कनेक्टर फिरवला, एलएनबीला लावला, खाली येऊन बॉक्स सुरू केला. बारा मिनिटांत सह्याद्री लागली. आईने मुलाला चहा आणि दोन चकल्या दिल्या. पैसे घेऊन तो गेला, आणि जिन्यात त्याची पावलं वाजायची थांबली तसे काकांनी दोन्हीकडचे कनेक्टर कापले.

"दिसत होतं की!" आई म्हणाली.

"वहिनी, दिसणं वेगळं."

मग दोन संध्याकाळी काम चाललं. इथे मला कबूल करायला हवं की काकांचा हात बघत राहावा असा आहे. वरचं आवरण गोल कापायचं पण जाळीला पातं लागू द्यायचं नाही. जाळी मागे दुमडायची; तिचा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर, कारण या कनेक्टरला वेगळी पिन नसते, केबलची तारच पिन होते. मग लांब पक्कडीसारख्या हत्याराने एकदाच दाबायचं. खट्. तो आवाज झाला की काका क्षणभर डोळे मिटतात. छत्रीपाशी केबलला पोट सोडायचं, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरकडे न जाता पोटावरून ठिबकतं. आणि वर रबरी टेप, ताणून. एकदा आत पाणी शिरलं की जाळी त्याला वातीसारखी पुढे नेते आणि केबल आतून काळी पडते. पहिल्या कामात हे पोट नव्हतं की टेप नव्हती, हे खरं.

"पस्तीस हजार सातशे शहाऐंशी किलोमीटर वरून येतो रे तो सिग्नल," काका टेप गुंडाळताना म्हणाले. "पुण्यातून तिरका, म्हणजे थोडा जास्तच. आणि मेला कुठे? तुझ्या गच्चीत, दहा रुपयांच्या कनेक्टरपाशी."

छत्रीही त्यांनी कणाकणाने फिरवून पुन्हा लावली. मी खालून बॉक्सवरचे आकडे ओरडून सांगत होतो. एकसष्ट. चौसष्ट. एकोणसत्तर. थांब. बहात्तरला त्यांनी नट आवळला.

पुढच्या आठवड्यात पेढे द्यायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा काका टीव्ही बघत होते. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या, एक लाल, एक हिरवी. स्ट्रेंग्थ, क्वालिटी. मालिका नाही, बातम्या नाहीत. क्वालिटी एक्क्याऐंशीवरून ब्याऐंशी झाली आणि काका खुर्चीत पुढे सरकले. काकू आत फोनवर मालिका बघत होत्या.

जुलैत एका संध्याकाळी आभाळ फाटलं. अशा पावसात छत्रीवाल्यांची सगळ्यांचीच चित्रं जातात. लहरी अडीचेक सेंटिमीटरच्या आणि थेंब काही मिलिमीटरचे, मोठ्या सरीत ते त्या गिळून टाकतात. आईचा कार्यक्रम आधी चौकोन चौकोन झाला, मग निळा पडदा. पाचव्या मिनिटाला दारावर थाप. छत्री असूनही काका नखशिखान्त भिजलेले, हातात घड्याळ.

"समोरच्या इमारतीतली सगळी गेली ती सहा बावीसला. तुझी कधी गेली?"

आईने अंदाजाने सांगितलं.

"दीड मिनिट!" काका म्हणाले. "दीड मिनिट उशिरा!"

दुकानातल्या पोराला नंतर मी हे सांगितलं. तो म्हणाला, केबलमुळे नाही, छत्री नीट फिरवली म्हणून. ते मी काकांना कळवलेलं नाही.

बंडलातली अठ्ठ्याहत्तर मीटर केबल माझ्या दिवाणाखाली आहे. निखळ तांबं, दाट जाळी, चुंबक चिकटत नाही. कुणाला हवी असेल तर येऊन घेऊन जा, फुकट. फक्त संध्याकाळी सातनंतर या, आणि जिन्यात बोलू नका.