ग्रहाआधी भट्टी प्रसन्न

नागपूरच्या गांधीबागेत लुगड्याचा काठ चुरगाळून ‘रंग जाईल का हो?’ विचारणारे आम्ही शेजारच्या इतवारी सराफ्यात साडेसातीसाठी नीलम घेताना मात्र हात जोडून उभे. बाजारातले बहुतेक नीलम हजार अंशांहून जास्त तापवून रंग खुलवलेले. पाचूच्या भेगांत तेल मुरवतात, स्वस्त माणकांत शिसेयुक्त काच भरतात. ग्रह कोणाला पावतो, खड्याला की काचेला? जन्ममहिन्यांच्या खड्यांची प्रचलित यादी तर १९१२ साली अमेरिकी जवाहिऱ्यांनीच ठरवली; २००२ मध्ये तिच्यात टांझानाइट घुसवला, तोही बहुधा भाजलेलाच. (मे महिन्यात नागपूरकरही भाजतो, त्याला भाव नाही.) खडा घ्या, पण ‘तापवलेला’, ‘काच भरलेला’ हे बिलावर लिहून मागा.